नवी धूळपाटी

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक चमत्कारिक वस्तु आली. आकारानें ती चहाबरोबर खातात त्या बिस्किटाएवढी, रंगानें काळी, आणि दिसावयास अगदींच सामान्य. मुलें तिला 'फ्लॅश कार्ट्रिज' म्हणतात. हातांत धरून खेळावयाच्या 'गेम बॉय' नांवाच्या जपानी यंत्राच्या पाठींत ती खोचावयाची असते. ज्या गृहस्थाचें सारें आयुष्य शब्दांचीं रूपें आणि धातु पाठ करवून घेण्यांत गेलें, त्यानें मुलांच्या खेळण्यावर लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ही वस्तु आज माझ्या मालकीची आहे. ती मीं आठ-नऊ महिने वापरली आहे. आणि तिच्यामुळें आमच्या घरांत जे प्रश्न उत्पन्न झाले, ते केवळ खेळण्यापुरते राहिले नाहींत. पुष्कळ घरांतून असलीं जुनीं यंत्रें माळ्यावर पडलेलीं असतील, आणि पुढेंमागें कोणी मूल विचारील कीं, अशी कॅसेट घ्यावी काय. त्या वेळीं उपयोगीं पडावे म्हणून हे चार शब्द.

प्रथम यंत्राविषयीं. गेम बॉय १९८९ सालच्या एप्रिल महिन्यांत जपानांत विक्रीस आला. तो काढणारी निन्टेंडो ही कंपनी क्योतो शहरांतली, १८८९ सालीं सुरू झालेली. आरंभीं ती फुलांचीं चित्रें असलेले खेळावयाचे पत्ते तयार करीत असे. यंत्राच्या निर्मितीचे प्रमुख गुनपेई योकोई यांचें एक सूत्र होतें: जी विद्या जुनी झाली, स्वस्त झाली, जिचे गुणदोष सर्वांस ठाऊक झाले, तीच नव्या कामीं लावावी. त्यामुळें पहिल्या गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, आणि त्यांच्या चार छटा, एवढीच त्याची संपत्ति. चार पेन्सिल सेलांवर तो पुष्कळ तास चाले. १९९८ सालीं त्याची रंगीत आवृत्ति निघाली, ती दोनच सेलांवर चालते. दोन्ही प्रकार मिळून ११ कोटी ८० लक्षांहून अधिक यंत्रें जगांत खपलीं. संसारी माणसाच्या काटकसरीला असें यश क्वचितच आलें असेल!

आमच्या घरचें यंत्र या रंगीत आवृत्तीचें. धाकट्या बंधूंचे मेहुणे न्यू जर्सीस असतात. २००० सालच्या उन्हाळ्यांत त्यांनीं तें माझ्या पुतण्यासाठीं आणलें, आणि सोबत 'पोकेमॉन रेड' या खेळाची एक तांबडी कॅसेट. कार्ट्रिजला आपल्याकडील मुलें कॅसेटच म्हणत. मीहि तोच शब्द वापरतों. पडद्यास स्वतःचा दिवा नसल्यामुळें पुतण्या त्या सुटींत ओसरीच्या कडेस उन्हाचा कवडसा धरून बसे, आणि ऊन सरकलें कीं तोहि सरके. रानोमाळ हिंडून नाना तऱ्हेचे प्राणी जमवावयाचे, त्यांस नांवें द्यावयाचीं व वाढवावयाचे, असा तो खेळ. त्यांतल्या एका कासवाचें नांव पुतण्यानें 'माई' ठेवलें होतें. माई म्हणजे आमच्या मातोश्री. त्यांना तें कळल्यावर त्या दिवसांतून एकदां तरी "माझें कासव जेवलें कां रे?" म्हणून विचारीत. त्या २००३ सालीं वारल्या. पुढें पुतण्या इंजिनियर होऊन बंगळूरास गेला आणि यंत्र माझ्या कपाटांत राहिलें.

दिवाळीच्या आधींच्या मे महिन्यांत तो आपल्या मुलीस घेऊन आला होता. पणजीचें कासव तिला दाखवावें, म्हणून त्यानें नवे सेल घातले. यंत्र सुरू झालें, ओळखीचें गाणें वाजलें. परंतु आरंभीच्या यादींत 'कंटिन्यू' हा पर्यायच दिसेना. नवा खेळ मांडण्याची सोय तेवढी होती.

झालें होतें तें असें. या कॅसेटींत दोन प्रकारची स्मृति असते. खेळ ज्या चिपवर असतो, ती कारखान्यांतच घडविलेली, एखाद्या ताम्रपटासारखी. तिच्यावरचें अक्षर पुसतां येत नाहीं व बदलतांहि येत नाहीं. खेळणारानें केलेली प्रगति मात्र निराळ्या चिपवर राहते, आणि ती चिप घड्याळाच्या सेलासारख्या एका चपट्या सेलावर जगते. हा सेल आंत सोल्डर केलेला असतो. तो पंधरा-वीस वर्षें पुरतो, क्वचित् जास्त. सेल संपला कीं ताम्रपट शाबूत राहतो, पण आपण त्याच्या समासांत लिहिलेलें सारें नाहींसें होतें. यांत कोणाचाहि दोष नव्हता. पुतण्या एवढेंच म्हणाला, "अण्णाकाका, माईचें कासव गेलें." त्याच्या मुलीनें कांहीं न बोलतां यंत्र बंद केलें.

बंगळूरास परतल्यावर पुतण्यानें ही फ्लॅश कॅसेट मागविली आणि दिवाळीस येतांना जुन्या कॅसेटींतला खेळ संगणकावर उतरून घेणारें एक लहानसें यंत्रहि आणलें. सगळा सरंजाम माझ्या स्वाधीन करून म्हणाला, "हें तुमच्यापाशीं राहूं द्या. तुम्ही वस्तु जपतां." अशा रीतीनें मी तिचा मालक झालों.

फ्लॅश स्मृतीची कल्पना फुजिओ मासुओका या जपानी संशोधकांची. तोशिबा कंपनींत असतां त्यांनीं ती १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडली. हिच्यावर लिहितां येतें, पुसतां येतें, आणि वीज नसली तरी लिहिलेलें टिकतें. पुसण्याची क्रिया छायाचित्रकाराच्या दिव्यासारखी एका झटक्यांत होते, म्हणून 'फ्लॅश' हें नांव. आमच्या कॅसेटींत नखाएवढें एक मायक्रो एसडी कार्ड बसतें. संगणकावरून खेळाची फाइल कार्डावर घालावयाची, कार्ड कॅसेटींत, कॅसेट यंत्रांत. यंत्र सुरू केलें कीं पडद्यावर फायलींची यादी येते. त्यांतील एक निवडली कीं कांहीं क्षणांत ती कॅसेटीच्या स्मृतींत उतरते, आणि यंत्रास वाटतें कीं मूळ कॅसेटच बसविली आहे. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. गेम बॉय सुरू होतांना कॅसेटींत निन्टेंडोची नाममुद्रा आहे कीं नाहीं, हें आपल्याजवळच्या प्रतीशीं ताडून पाहतो, आणि ती जुळली नाहीं तर पुढें पाऊल टाकीत नाहीं. राजमुद्रा पाहिल्यावांचून दानपत्र मान्य न करणाऱ्या जुन्या अधिकाऱ्याचीच ही जात.

आतां वापरणाराचे अनुभव. मूळ कॅसेटीपेक्षां हिला वीज जास्त लागते. सेल लौकर बदलावे लागतात. आमच्या कॅसेटींत केलेली प्रगति तत्काळ कार्डावर जात नाहीं. पुढच्या वेळीं यंत्र सुरू होतांना ती कार्डावर उतरते. म्हणून खेळ संपल्यावर यंत्र बंद करून पुन्हां एकदां सुरू करावें आणि मगच कार्ड काढावें. हा नेम पुतण्यानें कागदावर लिहून डबीस चिकटविला आहे. एवढा नेम पाळला कीं मग कार्डावरून संगणकावर, संगणकावरून दुसऱ्या कार्डावर, अशा हव्या तितक्या प्रती करतां येतात. ज्या कारणानें कासव गेलें, तें कारण आतां राहिलें नाहीं. वस्तु म्हणून हिच्याविषयीं माझें मत अनुकूल आहे.

परंतु खरा प्रश्न निराळाच होता. 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा प्रसिद्ध खेळ मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं निर्माण केला. त्याची गेम बॉयवरील आवृत्ति अवघ्या ३२ किलोबाइटांत मावते. आमचें कार्ड ३२ गिगाबाइटांचें. म्हणजे हिशेबानें तसले सुमारें दहा लक्ष खेळ त्यावर राहतील! कॉलेजांत शिकणारा माझा नातू हा हिशेब ऐकतांच म्हणाला, "आजोबा, इंटरनेटवर सगळे खेळ फुकट मिळतात. मग कार्ड रिकामें कां ठेवायचें?"

मीं त्यास म्हटलें, "'मिळतात' हें क्रियापद फार सोयीचें आहे. 'देतात' असें म्हण, म्हणजे कर्ता शोधावा लागेल. तुझ्या वाक्यांत घेणारा आहे. देणारा कोठें आहे?"

नातू गप्प बसणारांतला नव्हे. तो म्हणाला, "ज्या खेळांचे मालक आतां ते विकतच नाहींत, त्यांना काय तोटा? उलट कोणी नकला केल्या नाहींत, तर हे खेळ जगांतून नाहींसे होतील." हें म्हणणें उडवून लावण्याजोगें नाहीं. व्हिडिओ खेळांचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत कोणत्याहि स्वरूपांत विकत मिळत नाहींत, असें तींत आढळलें. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत निन्टेंडोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचीं इंटरनेटवरील दुकानें बंद केलीं. आणि आम्ही संस्कृतवाल्यांनीं तरी हें कसें विसरावें कीं, आपले ग्रंथ राहिले ते नकलकारांच्या जिवावर? ज्या पोथीची नक्कल झाली नाहीं, ती वाळवीनें खाल्ली.

तरीहि दोहोंत अंतर आहे. पोथी नकलणारा एकेका पोथीस महिनेच्या महिने देई, आणि नकलतांना ती वाचून होई. दहा लक्ष खेळ एका रात्रींत उतरून घेणारास त्यांतला एकहि जपावयाचा नसतो. त्यास फक्त तो आपल्याजवळ असावयास हवा असतो. शिवाय या खेळांचे कर्ते पुष्कळ अंशीं हयात आहेत व त्यांचा हक्क कायद्यानें मानलेला आहे. निन्टेंडोच्या पुढच्या डीएस या यंत्रासाठीं निघालेल्या अशाच कॅसेटींच्या विक्रीविरुद्ध टोकियोच्या न्यायालयानें २००९ सालीं व लंडनच्या उच्च न्यायालयानें २०१० सालीं निकाल दिले. आपल्याकडे १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत एक सवलत आहे: संगणकीय प्रोग्रामची प्रत ज्याच्यापाशीं रीतसर आहे, त्यानें ती हरवूं नये, नष्ट होऊं नये, एवढ्यासाठीं दुसरी प्रत करून ठेवल्यास तो गुन्हा नव्हे. मला ही मर्यादा सुज्ञपणाची वाटली. साऱ्या जगाचे खेळ कोणीं व कसे जपावे, याचा विचार ग्रंथालयांनीं आणि कायदेकर्त्यांनीं अवश्य करावा. आमच्या घरापुरता मीं तीन कलमांचा नियम केला. ज्या खेळाची मूळ कॅसेट घरांत आहे, त्याची त्याच कॅसेटीवरून घेतलेली प्रत. कर्त्यानें आपण होऊन मोफत दिलेला खेळ. आणि घरीं तयार झालेला खेळ. याखेरीज कार्डावर कांहीं चढवावयाचें नाहीं.

पहिल्या कलमाखालीं आमच्याजवळ तीन खेळ आहेत. दुसऱ्या कलमाखालीं काय मिळणार, अशी मला शंका होती. परंतु या जुन्या यंत्रासाठीं आजहि हौसेनें नवे खेळ करणारे लोक जगांत आहेत. उड्या मारीत वरवर जाणाऱ्या एका मुलीचा 'टोबू टोबू गर्ल' हा खेळ २०१७ सालीं निघाला. तो कर्त्यांनीं मोफत दिला, इतकेंच नव्हे तर त्याची घडणहि सर्वांस उघडी करून ठेवली. नातवाच्या एका मित्राचें काठोकाठ भरलेलें कार्ड एका संध्याकाळीं आमच्या यंत्रांत बसलें होतें, तेव्हांचा अनुभवहि नमूद करतों. तासाभरांत मुलांनीं वीस-बावीस खेळ उघडले. एकाचेंहि पहिलें प्रकरण पुरें केलें नाहीं. पुतण्यास एक कॅसेट एक उन्हाळा पुरली होती. ज्याच्या पानांत साठ पदार्थ वाढले आहेत, त्याचा घास मधल्यामध्येंच राहतो.

तिसरें कलम मीं केवळ नियम पुरा दिसावा म्हणून घातलें होतें. तेंच पुढें मुख्य ठरलें.

पुतण्याची मुलगी अकरा वर्षांची. बंगळूरास इंग्रजी शाळेंत शिकते. मराठी बोलते गोड, परंतु वाचतांना जोडाक्षर आलें कीं चाकाखालीं दगड आल्यासारखी थांबते. यंदाच्या उन्हाळ्यांत ती महिनाभर आमच्याकडे होती. 'जीबी स्टुडिओ' नांवाची एक मोफत संगणकीय सामग्री आहे. क्रिस माल्टबी या गृहस्थांनीं ती २०१९ सालीं प्रसिद्ध केली. तिच्या साहाय्यानें प्रोग्रामिंग न येणारासहि गेम बॉयचा खेळ तयार करतां येतो. नातीनें खेळ योजला तो असा: वाड्याच्या चौकांत एक खार फिरते, इकडे तिकडे पडलेलीं अर्धीं अक्षरें उचलते आणि जोडीदारापाशीं नेऊन ठेवते. जोडी जुळली कीं जोडाक्षर उभें राहतें. क् आणि ष यांचा क्ष, ज् आणि ञ यांचा ज्ञ.

अडचण लागलीच उभी राहिली. त्या सामग्रींत तयार मजकुराच्या अक्षरांस ८ ठिपक्यांची उंची मिळते. रोमन अक्षर तेवढ्यांत सुखानें राहतें. आमच्या देवनागरीस शिरोरेघेची एक ओळ हवी, वर वेलांटी-मात्रेस जागा हवी, खालीं उकारास हवी. मग अक्षराच्या अंगास उरतें काय? तेव्हां अक्षरें चित्रें म्हणूनच काढावयाचीं ठरलीं, प्रत्येक १६ ठिपक्यांच्या चौकोनांत. मीं आलेखाचा कागद आणला. ती पेन्सिलीनें चौकटी भरी आणि मी खोडरबर घेऊन शेजारीं बसे. साऱ्या नोकरींत मीं जेवढा क्ष लिहिला नसेल, तेवढा त्या आठ दिवसांत पाहिला. एक दिवस तिनें विचारलें, "आजोबा, 'विद्यार्थी'मध्यें र् आधीं ऐकूं येतो, मग तो थी-च्या डोक्यावर कां बसतो?" पस्तीस वर्षें मीं रफार शिकविला; हा प्रश्न कोणीं केला नव्हता. मीं सांगितलें कीं, र् ला स्वतःचा स्वर नाहीं. पुढच्या अक्षराचा स्वर तो उसना घेतो. म्हणून ज्याच्या आधारानें उभें राहावयाचें, त्याच्या खांद्यावर तो बसतो. तिनें लगेच र् साठीं निराळें चित्र काढलें, आणि खार तो उचलून थी-वर ठेवूं लागली.

या कामांत फ्लॅश कॅसेटीची खरी किंमत कळली. संगणकाच्या पडद्यावर सगळीं अक्षरें ठसठशीत दिसत. तीच फाइल कार्डावर घालून यंत्रावर ओसरींत पाहिली, तेव्हां घ आणि ध एकसारखे दिसूं लागले. ध च्या शिरोरेघेंत एका ठिपक्याची फट ठेवली होती, ती त्या लहान पडद्यावर बुजून गेली. दोन ठिपक्यांची केली, तेव्हां ध सुटा झाला. असें दिवसांतून पांच-सहा वेळां चाले: काढावें, कार्डावर घालावें, उन्हांत धरून पाहावें, पुसावें, पुन्हां काढावें. कारखान्यांत कोरलेल्या कॅसेटीवर हें शक्य नव्हतें.

पूर्वीं मुलांस अक्षरओळख होई ती धूळपाटीवर. फळीवर धूळ पसरावयाची, बोटानें अक्षर काढावयाचें, गुरुजींनीं पाहिलें कीं हात फिरवून पुसावयाचें. ताम्रपट राजानें कोरावा. मुलानें धूळपाटी घ्यावी, कारण चुकण्याची मुभा तेथेंच असते. ही काळी कॅसेट मला आज त्याच जातीची वाटते.

नात बंगळूरास गेली तेव्हां खेळ पुरा झाला होता. त्यांत अठरा जोडाक्षरें आहेत. खारीचें नांव काय ठेवलें, हें तिनें कोणास सांगितलें नव्हतें. मीं यंत्र सुरू केलें तेव्हां पडद्यावर देवनागरींत दोन अक्षरें आलीं: 'माई'. बंगळूराहून आतां तिचीं पत्रें येतात. त्यांत जोडाक्षरें चुकतात, पण तीं टाळलेलीं नसतात.

तर मग ही वस्तु घ्यावी काय? घरांत जुनें यंत्र आणि जुन्या कॅसेटी असतील, तर अवश्य घ्यावी. मात्र आंतला सेल संपण्याच्या आंत प्रगतीची नक्कल उतरून ठेवावी, कारण सेल एकदां संपला कीं उपाय नाहीं. दहा लक्ष खेळ फुकट मिळतात म्हणून घ्यावयाची असेल, तर पैसे वांचवावे. त्या खेळांपैकीं एकहि आपला होणार नाहीं. आणि घरांत एखादें मूल कागदावर ठिपके भरून कांहीं काढूं पाहत असेल, तर कसलाहि विचार न करतां घ्यावी, आणि त्याच्या शेजारीं खोडरबर घेऊन बसावें.